न्यूटनची वलये : प्रकाशाच्या तरंगलांबीचे मापन

सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवले की दोहोंमध्ये हवेची पातळ फट उरते. भिंग टेकते तिथे तिची जाडी शून्य, कडेकडे ती वाढत जाते. वरून एकवर्णी प्रकाश पाडला, तर फटीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात. कुठे जोर धरतात, कुठे परस्परांना पुसून टाकतात. या व्यतिकरणातून काळ्या-उजळ समकेंद्री वर्तुळांची जी नक्षी दिसते, ती न्यूटनची वलये. त्यांचे व्यास मोजून प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे तरंगाच्या लगतच्या दोन शिखरांतले अंतर, काढता येते. पहिल्या पावसानंतर बडोद्याच्या दांडिया बाजारात, डबक्यावर सांडलेल्या तेलाचे रंग चमकतात तेही याच कारणाने.

मधोमध काळा ठिपका असतो, आणि नवख्याला तो बुचकळ्यात टाकतो : जाडीच नाही तिथे अंधार का? खालच्या काचेवरून परतताना तरंग उलटा होतो, वरच्या पृष्ठभागावरून परतणारा होत नाही. म्हणून केंद्रात दोघे एकमेकांना रद्द करतात.

न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही मापे दिली आहेत. पिवळ्या प्रकाशातल्या पहिल्या काळ्या वलयापाशी फटीची जाडी त्याने एक इंचाचा ८९,०००वा भाग सांगितली. तिची दुप्पट केली तर सुमारे ५७१ नॅनोमीटर येतात, म्हणजे पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबीच. पण प्रकाश हा कणांचा प्रवाह मानणाऱ्या न्यूटनने तो अर्थ लावला नाही. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०१मध्ये न्यूटनचेच आकडे घेऊन रंगांच्या तरंगलांब्या काढल्या. उत्तर शंभर वर्षे छापील पानावर पडून होते!

बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांत हा प्रयोग ठरलेलाच. १८८१मध्ये सुरू झालेले बडोदे कॉलेज पुढे १९४९च्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावले. तिथे शिक्षण इंग्रजीतून, पण टेबलाभोवतीचे बोलणे मिश्र. ‘वलय’ आणि ‘व्यतिकरण’ मराठी-गुजराती दोन्हीकडे सारखे. मराठी विद्यार्थ्याची ‘तरंगलांबी’ शेजारच्याची ‘तरंगलंबाई’ होते, एवढाच फरक. प्रत्यक्षात दोघेही ‘रिंग्स मिळाल्या का’ असेच विचारतात.

सोडियम लॅम्प सुरू करताना लालसर असतो, काही मिनिटांनी पिवळा धमक होतो. तोवर भिंग आणि काच मऊ कापडाने पुसून घ्यावी. त्यांवर ४५ अंशांत तिरकी धरलेली साधी काच प्रकाश खाली वळवते, आणि तिच्यातूनच ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने, म्हणजे स्क्रूने सरकणाऱ्या आणि सरकलेले अंतर दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, वलये पाहतात. क्रॉसवायर (मायक्रोस्कोपमधली फुलीची खूण) डावीकडच्या विसाव्या वलयावर नेऊन, स्क्रू एकाच दिशेने फिरवत, केंद्र ओलांडून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत वाचने घेतात. मध्येच एखादे वलय चुकले म्हणून स्क्रू मागे घेतला की त्याच्या आट्यांतला ढिलेपणा मापात शिरतो, आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मान अवघडते ती इथे.

तरंगलांबीचे सूत्र असे : दोन काळ्या वलयांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घ्यायचा आणि त्याला भिंगाची वक्रतात्रिज्या (त्याचा बाक ज्या गोलाचा भाग आहे त्याची त्रिज्या), वलयांच्या क्रमांकांतला फरक आणि ४ यांच्या गुणाकाराने भागायचे. वक्रतात्रिज्या १ मीटर असेल तर दहाव्या वलयाचा व्यास ४.८५५ मिमी, विसाव्याचा ६.८६६ मिमी भरतो. वर्गांतला फरक सुमारे २३.५७ चौरस मिमी. त्याला ४ × १,००० मिमी × १०, म्हणजे ४०,०००ने भागले की ०.०००५८९३ मिमी, म्हणजे ५८९.३ नॅनोमीटर. फरक घेण्यातच खुबी आहे : धुळीच्या कणाने भिंग जरासे उचलले गेले आणि केंद्र काळे दिसले नाही, तरी सगळी वलये सारखीच सरकलेली असल्यामुळे उत्तर बिघडत नाही.

तरीही विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत, म्हणजे जर्नलात, ५७० किंवा ६१० अशी उत्तरे दिसतात, आणि दोष बहुधा मायक्रोस्कोपवर ढकलला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा गुन्हेगार स्फेरोमीटर, म्हणजे भिंगाचा फुगवटा मोजून वक्रतात्रिज्या काढण्याचे तीन पायांचे उपकरण. व्यासात ०.०१ मिमीची चूक झाली तर उत्तर अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलते. पण वक्रतात्रिज्या १ मीटर आणि स्फेरोमीटरच्या पायांतले अंतर ४ सेंमी असेल, तर भिंगाचा फुगवटा जेमतेम ०.२७ मिमी भरतो. त्यात ०.०१ मिमीची चूक म्हणजे जवळजवळ ४ टक्के. तरंगलांबी मोजायला बसलेला माणूस काचेचा बाक मोजण्यात फसतो.

फटीत हवेऐवजी पाणी भरले की वलये आकसतात. दहाव्याचा व्यास ४.८५५वरून ४.२ मिमीवर येतो. यावरून द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाशाचा वेग किती पटीने कमी होतो तो आकडा, काढतात.

सोडियमचा पिवळा रंग खरे तर एक नाही : ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा दोन रेषा लगत आहेत. १८६२मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने भिंग सावकाश उचलत, केंद्रात विरून जाणारी वलये मोजली. सुमारे ४९० वलये गेल्यावर नक्षी जवळजवळ पुसली गेली, कारण एका रेषेची काळी वलये दुसरीच्या उजळ वलयांवर येऊन बसली होती. ९८०च्या आसपास ती पुन्हा स्वच्छ झाली. कॉलेजात वीस-पंचवीस वलयांपलीकडे कोणी जात नाही, त्यामुळे ५८९.३ ही सरासरी धरून काम भागते.