गागिकचा मुकुट आणि आर्त्सरुनी घराण्याची बखर

आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या वान सरोवराभोवतीच्या वास्पुराकान या आर्मेनियन प्रांतावर राज्य करणाऱ्या आर्त्सरुनी घराण्याचा इतिहास आर्मेनियन इतिहासकार तोव्मा आर्त्सरुनीने लिहायला घेतला, तो राजपुत्र ग्रिगोर देरेनिकच्या सांगण्यावरून. ८८७ मध्ये देरेनिक मारला गेला आणि त्याचा मुलगा गागिक या लेखनाचा आश्रयदाता झाला. लिहिणारा आणि लिहवून घेणारा, दोघेही एकाच घराण्यातले.

घराण्याचे मूळ अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या, बापाला मारून अराराटकडे पळालेल्या मुलांपर्यंत नेलेले आहे. ४५१ च्या आवारायर युद्धातला आर्त्सरुनी वीराचा पराक्रम जुन्या ग्रंथातून मुद्दाम काढून टाकला गेला, अशी तक्रारही तोव्मा करतो. हा भाग घराण्याच्या अभिमानातून आलेला आहे. नवव्या शतकात आल्यावर मात्र त्याची लेखणी खरी धार धरते. ८५१ नंतर खलिफाचा सेनापती बुघा आर्मेनियावर चालून आला आणि देरेनिकच्या बापासह अनेक सरदारांना पकडून खलिफाच्या तेव्हाच्या राजधानीत, सामर्राला नेण्यात आले. त्या दशकासाठी तोव्माइतका तपशील क्वचितच कुठे मिळतो.

वाद आहे तो गागिकच्या ९०८ च्या निर्णयाचा. आर्मेनियाच्या गादीवर तेव्हा बाग्रातुनी राजघराण्यातला स्मबात होता. गागिकची आई बाग्रातुनींची लेक, म्हणजे स्मबात त्याचा सख्खा मामा. नखिचेवानचा मुलूख आर्त्सरुनींकडून काढून स्मबातने तो शेजारच्या स्युनिक प्रांताच्या सरदाराला दिला. गागिकने तो परत मागितला, मामाने नाकारला. तेव्हा गागिक थेट अझरबैजानचा अमीर युसुफ याच्याकडे गेला आणि त्याच्या हातून स्वतंत्र राजाचा मुकुट घेतला. पुढच्याच वर्षी तो युसुफच्या बाजूने मामाविरुद्ध उतरला. नंतर त्याने अंग काढून घेतले खरे, पण तोवर उशीर झाला होता. शरण आलेल्या स्मबातला युसुफने ९१४ च्या सुमारास हालहाल करून मारले आणि त्याचे प्रेत आर्मेनियातल्या दविन शहरात खांबावर टांगले.

नखिचेवानची तक्रार खोटी नव्हती. तरीही एका प्रांतासाठी परक्या अमिराला घरात आणणे समर्थनीय ठरत नाही. त्या मुकुटाने वास्पुराकानला राज्य दिले, वान सरोवरातल्या अख्तामार बेटावर राजवाडा दिला, ९१५ ते ९२१ मध्ये बांधलेले कोरीव भिंतींचे पवित्र क्रूसाचे चर्च दिले. त्याची किंमत मात्र सगळ्या आर्मेनियाने मोजली. त्याच काळात लिहिणाऱ्या दुसऱ्या इतिहासकाराने, जो स्वतः चर्चचा प्रमुख होता, आपल्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी स्मबातची शोकांतिका ठेवली आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हा काळ कळत नाही.

राज्य शंभर-सव्वाशे वर्षेच टिकले. १०२१ मध्ये शेवटच्या राजाने ते बायझंटाइन सम्राटाला देऊन बदल्यात सेबास्तियाचा (आजच्या तुर्कस्तानातले सिवास) मुलूख घेतला. १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारानंतर अख्तामारचे चर्च ओस पडले. दुरुस्तीनंतर २००७ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडले आणि २०१० मध्ये तिथे पुन्हा उपासना झाली.

तोव्माच्या ग्रंथाचा मुख्य आधार म्हणजे १३०३ मध्ये अख्तामारलाच नकललेली हस्तप्रत. छापील आवृत्ती १८५२ ची, फ्रेंच भाषांतर १८७४ चे. राजवाडा आणि चर्चच्या बांधकामाचे गाजलेले वर्णन तोव्माचे नाही; ते त्याच्या मागून निनावी लेखकांनी जोडले आहे. गागिकच्या स्तुतीचा सगळा भार एकट्या तोव्मावर टाकणारे हे विसरतात.