घरगुती ॲल्युमिनिअम ओतकाम: भंगारावर उभा राहिलेला छंद

पितळ आणि काशाचं ओतकाम आपल्याकडे शेकडो वर्षांचं आहे. ॲल्युमिनिअम मात्र ओताऱ्याच्या हाती फार उशिरा आलं. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ते पहिल्यांदा वेगळं केलं, पण पुढची साठेक वर्षं ते मौल्यवान धातूंच्या पंगतीतच राहिलं. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकासाठी फिलाडेल्फियाच्या विल्यम फ्रिशमथने जेमतेम २.८ किलोचा पिरॅमिड ओतला, तर तो आधी न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याकडे लोकांना बघायला ठेवला होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेने ॲल्युमिना (ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड) फोडायची एकच रीत शोधली आणि भाव कोसळला.

भारतात १८९८ मध्ये मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनिअमची भांडी बनवायला सुरुवात केली. तिथून पुढे हा धातू घरोघरी पोचला, पण पत्र्याच्या रूपात. नवशिके हमखास फसतात ते इथेच. जुनी पातेली जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनिअमची असतात. ती ६६० अंश सेल्सिअसला वितळतात खरी, पण रस साच्याच्या बारीक कोपऱ्यांत पोचत नाही आणि थिजताना आकसून तडकतो. ओतायला सिलिकॉन असलेला मिश्रधातू लागतो. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलं की वितळबिंदू ५७७ अंशांच्या आसपास उतरतो आणि रस पातळ पळतो. असे मिश्रधातू ठिसूळ म्हणून मागे पडले होते. १९२० च्या सुमारास अलादार पाझ यांनी वितळलेल्या रसात सोडिअमचा क्षार घालून सिलिकॉनचे कण बारीक करण्याची युक्ती काढली आणि ते कारखान्यांत रुळले. आज गॅरेजच्या भंगारात मिळणारे पिस्टन, सिलिंडर हेड, क्रँककेस याच कुळातले. घरच्या ओतकामाला यापेक्षा चांगला कच्चा माल नाही. मात्र काही गाड्यांचे भाग मॅग्नेशिअमचे असतात आणि भट्टीत ते पेट घेतात. कानशीने घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकून बघावा. जोरात फसफसलं तर तो तुकडा बाजूला ठेवावा.

छंदाला आजचं रूप दिलं ते अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या डेव्ह गिंगरी यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी भंगारातून अख्खं वर्कशॉप उभारण्याची पुस्तकमाला लिहिली. तिची सुरुवात लेथपासून (धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रापासून) नव्हे, कोळशाच्या भट्टीपासून होते. लोखंडी बादलीला आतून वाळू आणि फायरक्लेचं (उष्णता सोसणाऱ्या मातीचं) अस्तर, खालून छोट्या ब्लोअरची हवा, एवढ्यावर भट्टी तयार. तिच्यात वितळलेल्या ॲल्युमिनिअममधून लेथचे भाग ओतायचे, मग त्या लेथवर पुढची यंत्रं करायची. आधी ओतकाम आणि मग यंत्र, हा क्रम हीच गिंगरींची खरी देणगी. महागडं यंत्र विकत घेतल्याशिवाय धातुकाम सुरू होत नाही, ही समजूत त्यांनी मोडली.

साचा बहुधा ग्रीन सँडचा: बारीक सिलिका वाळू, वजनाने ८ ते १० टक्के बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) आणि ३ ते ४ टक्के पाणी. मुठीत दाबलेला गोळा मधोमध मोडला तर कडा सरळ राहायला हव्यात. कडा भुरभुरल्या तर पाणी कमी, बोटांना चिखल लागला तर जास्त. जास्त पाण्याची वाफ होऊन कास्टिंगमध्ये (ओतलेल्या वस्तूत) पोकळ्या पडतात. पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, सुमारे १.३ टक्के मोठा करावा, कारण ॲल्युमिनिअम थंड होताना तेवढं आकसतं.

मुशीसाठी, म्हणजे धातू वितळवायला, जुनं स्टीलचं भांडं वापरण्याची सवयही जुनीच. ते चालतं, पण लोखंड हळूहळू रसात उतरतं, कास्टिंग ठिसूळ होतं आणि शेवटी भांड्यालाच भोक पडतं. ग्रॅफाइटची मूस घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. तिच्यासाठी लांब जायला नको, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला मुशींचा कारखाना आहे.

थर्माकोलची रीत वेगळ्या वाटेने आली. १९५८ मध्ये हॅरॉल्ड श्रॉयर यांना तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. थर्माकोलचा पॅटर्न वाळूतच पुरून ठेवायचा, वर रस ओतला की थर्माकोल जळून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. ओतणं मध्येच थांबलं की वाळू ढासळते आणि तुकडा वाया जातो. धूर विषारी असल्याने हे काम उघड्यावरच करावं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत व्हिडिओंमुळे छंद झपाट्याने पसरला आणि त्याचा रोख बदलला. यंत्राचे भाग मागे पडले, शीतपेयांचे डबे वितळवून लगडी ओतणं पुढे आलं. डबा पातळ आणि लाखेने रंगवलेला असतो, शिवाय त्याच्या झाकणात मॅग्नेशिअम जास्त. त्यामुळे बराच धातू जळून मळीत जातो. बादलीला प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचं अस्तर देणंही याच काळात लोकप्रिय झालं. भिजवून घट्ट झालेल्या प्लास्टरच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. तापल्यावर ते निघून जातं आणि अस्तराला भेगा पडतात. पहिल्यांदा तरी भट्टी अगदी मंद आचेवर तापवावी.

ओलाव्याचं दुसरं रूप म्हणजे हायड्रोजन. वितळलेलं ॲल्युमिनिअम घट्ट धातूपेक्षा सुमारे वीसपट हायड्रोजन सामावून घेतं आणि थिजताना तो बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकतो. म्हणून भंगार, हत्यारं, कोळसा सगळं कोरडं हवं. ओला तुकडा रसात बुडाला तर वाफेचा स्फोट होतो. ओतताना खाली काँक्रीट नको, कोरड्या वाळूचा थर हवा. रस ७०० ते ७५० अंशांवर ओतावा. या तापमानाला ॲल्युमिनिअम उजेडात चांदीसारखंच दिसतं, लालसर रंगाची वाट पाहणारा ते हमखास जास्त तापवतो. तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल (भट्टीच्या उष्णतेत चालणारा तापमापक) घ्यावंच.

दोषांचं आणखी एक मूळ उशिरा स्पष्ट झालं. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी दाखवलं की रसाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपलीकडे गेला, की पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दुमडून आत जातो आणि भेगेचं काम करतो. हा वेग जेमतेम १३ मिलिमीटर खाली पडतानाच गाठला जातो. १५ सेंटिमीटरवरून ओतलं, तर तो सेकंदाला १.७ मीटर होतो. म्हणून मूस साच्याच्या तोंडाला जवळजवळ टेकवावी, रस खाली नेणारा उभा मार्ग खाली निमुळता ठेवावा आणि मुख्य पोकळी खालच्या बाजूने भरेल असं गेट (रस पोकळीत शिरायचं तोंड) कापावं.