सुनीतांमागचा हुंडा : इंग्लंडमधील प्रबोधनकालीन प्रेमकवितेची पार्श्वभूमी

सोळाव्या शतकातल्या इंग्लिश प्रेमकवितेत प्रेयसीचा नकार जागोजागी भेटतो. त्याची ठेवण चौदाव्या शतकातल्या पेट्रार्क या इटालियन कवीकडून आली. त्याच्याच नोंदीनुसार ६ एप्रिल १३२७ रोजी आविन्योंच्या चर्चमध्ये त्याने लॉराला पाहिले आणि पुढे ३६६ कवितांचा संग्रह उभा राहिला. तिथे लॉराचा नकार तिच्या शीलातून येतो. बाप, पालक, देणेघेणे जवळपास दिसतच नाही. इंग्लंडमध्ये मात्र या साच्यात लग्नाचे व्यवहार शिरले. तो नकार केवळ जुनी काव्यरीत म्हणून वाचला, तर या कवितांमधले निम्मे दुःख निसटते.

आधी कायदा पाहू. मुलगी १२ वर्षांची, मुलगा १४ वर्षांचा झाला की दोघांनी वर्तमानकाळात ‘मी तुला पती मानते’, ‘मी तुला पत्नी मानतो’ असे म्हटले, तरी विवाह बंधनकारक ठरे. कॅथलिक देशांत चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये पाद्री आणि साक्षीदार आवश्यक केले. इंग्लंडमध्ये तशी सक्ती १७५३ च्या कायद्याने आली. चोरून लग्न करणे चर्चच्या दृष्टीने गुन्हा होता, पण लग्न रद्द होत नसे. लागलेले लग्न बापाला मोडता येत नसल्यामुळे त्याचे सगळे बळ पैशात होते. वधूपक्ष हुंडा देई. त्याच्या बदल्यात वरपक्ष काही जमीन लिहून देई आणि नवरा आधी गेल्यास तिचे उत्पन्न विधवेला हयातभर मिळे. घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न केले, की या दोन्हींवर पाणी सोडावे लागे.

दरबारी कवी फिलिप सिडनीच्या ‘ॲस्ट्रोफिल अँड स्टेला’मध्ये १०८ सुनीते आणि ११ गीते आहेत; ॲस्ट्रोफिल हा त्यातला प्रियकर, स्टेला प्रेयसी. स्टेलामागची खरी स्त्री म्हणजे पेनेलोपी डेव्हरू. तिचे वडील, एसेक्सचे अर्ल, १५७६ मध्ये डब्लिनला वारले. सिडनीशी तिचे लग्न व्हावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युशय्येवर बोलून दाखवली होती. तेव्हा ती १३ वर्षांची होती आणि पुढे त्यातून काही घडले नाही. दरम्यान सिडनीची किंमतही उतरली. त्याचे मामा, लेस्टरचे अर्ल, निपुत्रिक असेपर्यंत तो त्यांचा वारस समजला जाई. मग त्यांना मुलगा झाला, तोही पेनेलोपीच्याच आईपासून, कारण तिने लेस्टरशी पुनर्विवाह केला होता. १५८१ च्या सुरुवातीला म्हातारे लॉर्ड रिच वारले, तरुण मुलाच्या हाती मोठी इस्टेट आली आणि पेनेलोपीच्या पालकांनी लगेच त्याच्यासाठी शब्द टाकला. त्याच वर्षी तिचे लग्न झाले.

हे माहीत असले की ३३ वे सुनीत वेगळे ऐकू येते. तिथे ॲस्ट्रोफिल प्रतिस्पर्ध्याला दोष देत नाही. कोणी बळ वापरले नाही, कोणी फसवले नाही, घाव आपणच आपल्यावर घातला, असे तो म्हणतो. ३७ व्या सुनीतात नवऱ्याच्या आडनावावर श्लेष आहे : तिचे दुर्दैव एकच, ती ‘रिच’ (म्हणजे श्रीमंतही) आहे. १५९१ च्या पहिल्या छापील आवृत्तीत ते नव्हते; ते छापले गेले १५९८ मध्ये. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते आठवे गीत. तिथे स्टेला स्वतः बोलते. माझे मन तुझेच आहे, पण ही जुलमी अब्रू तुला असे वागवते आहे, नाहीतर मी नाही म्हटले नसते, असे ती सांगते. लॉराच्या नकारापासून हे फार दूर आले. इथे नकार स्त्रीच्या मनातून येत नाही, तिच्यावर लादलेला आहे.

जॉन डन या कवीने प्रेमावरचा पहारा थेट घरात दाखवला. ‘द परफ्यूम’ या एलिजीत (इथे शोकगीत नव्हे, प्रेमकविता) बाप कवीची उलटतपासणी घेतो, मुलीला वारशातून वगळण्याची धमकी देतो. आई मुलीच्या शरीरावर गरोदरपणाच्या खुणा शोधते. धाकट्या भावांना लाच देऊन फितवले जाते. या सगळ्यांतून तो सुटतो आणि शेवटी अंगाला लावलेल्या अत्तराच्या वासाने पकडला जातो.

पुढे हा पहारा त्याच्या आयुष्यातही आला. लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारे बडे अधिकारी, टॉमस एगर्टन यांचा सचिव असताना, डिसेंबर १६०१ मध्ये, त्याने एगर्टनच्या पत्नीची १७ वर्षांची भाची ॲन मोर हिच्याशी गुपचूप लग्न केले. फेब्रुवारी १६०२ मध्ये सासऱ्याला पत्राने कळवताच नोकरी गेली आणि त्याला लंडनच्या फ्लीट तुरुंगात टाकले. लग्न लावणारा पाद्री आणि साक्षीदार मित्रही कैदेत गेले. एप्रिलमध्ये चर्च न्यायालयाने लग्न वैध ठरवले, तरी हुंडा वर्षानुवर्षे अडवला गेला. ‘द कॅननायझेशन’ या कवितेत माझ्या बुडालेल्या नशिबाला हसा, पण मला प्रेम करू द्या, असे तो बजावतो. माझ्या उसाशांनी कुण्या व्यापाऱ्याची जहाजे बुडाली, हा त्याचा प्रश्न या पार्श्वभूमीवर वाचावा. प्रेमाचा हिशेब नुकसानीत मांडणाऱ्यांना तो त्यांच्याच भाषेत उत्तर देतो.

स्त्रीने लिहायचे ठरवले तर अडसर दुहेरी होता. सिडनीची पुतणी मेरी रोथ हिचे लग्न १६०४ मध्ये रॉबर्ट रोथशी झाले. तिचे प्रेम मात्र आतेभाऊ विल्यम हर्बर्टवर होते. १६२१ मध्ये ‘युरेनिया’ या तिच्या गद्य रोमान्ससोबत छापलेल्या सुनीतांत १४ सुनीतांचा एक हार आहे : प्रत्येकाची शेवटची ओळ पुढच्याची पहिली होते आणि चौदावे पुन्हा पहिल्याच ओळीवर, ‘या चक्रव्यूहात मी कुठे वळू’ या प्रश्नावर, येऊन थांबते. पुस्तकात आपल्या घरचे प्रकरण ओळखून लॉर्ड डेनी हे उमराव खवळले. त्यांनी तिला राक्षसीण ठरवले आणि विद्वान, धर्मनिष्ठ आत्याचा कित्ता गिरव, असा उपदेश केला. आत्याने बायबलमधील स्तोत्रे इंग्लिशमध्ये आणली होती, म्हणजे स्त्रीला शोभणारे लेखन केले होते. ही आत्या विल्यम हर्बर्टची आई. वर्ष संपायच्या आत पुस्तकाची विक्री थांबवल्याचे रोथला लिहून द्यावे लागले.