काळ्या मोत्याचं कलम

भाचीच्या साखरपुड्याच्या खरेदीसाठी आम्ही लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो. एका दुकानात विक्रेत्याने काळ्याभोर मोत्यांचा सर पुढे ठेवला. "ताई, अस्सल ताहिती. समुद्रातले." सगळे मोती ७ मिमीचे, एकाच आकाराचे, एकाच काळ्या रंगाचे. माझ्या पर्समध्ये दहापट मोठं दाखवणारं भिंग कायम असतं. ते मोत्याच्या भोकाशी धरलं. कडेला रंग साचून गडद कडं झालं होतं आणि एके ठिकाणी टवका उडून खालचा पांढरा थर दिसत होता. गोड्या पाण्यातले मोती रंगवून विकायला माझी हरकत नाही. ते ताहिती म्हणून विकणं मात्र सरळ फसवणूक आहे.

बाहेर पडल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, मग खरा मोती काळा होतो कशाने?"

शिंपल्यात वाळूचा कण शिरला की मोती होतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. संवर्धित, म्हणजे माणसाने शेतीत वाढवलेल्या मोत्यात वाळूचा काही संबंध नसतो. तिथे होतं ते कलम, अगदी हापूसचं करतात तसं.

पिंक्टाडा मार्गारिटिफेरा या शिंपल्याच्या आतल्या अस्तराची कड काळपट असते. हा शिंपला अंदमानच्या समुद्रातही सापडतो. पण काळ्या मोत्यांची मोठी शेती आहे पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात, तुआमोटु आणि गाम्बिए या बेटांच्या खाजणांत. तिथलं ताहिती बेट ही मुख्यतः त्यांची बाजारपेठ, म्हणून नाव तिचं लागलं. १९६० च्या दशकात तिथे जपानी पद्धतीने कलमं करून पाहिली आणि ती जमली.

चांगल्या रंगाचा एक शिंपला निवडतात. त्याच्या कवचाला आतून चिकटलेली मांसल झालर, म्हणजे प्रावार, कापून तिचे दोन-तीन मिमीचे चौकोन करतात. दुसऱ्या शिंपल्याच्या जननग्रंथीत बारीक चीर देऊन एक गोल मणी आणि त्याला चिकटून हा तुकडा ठेवतात. मणीसुद्धा शिंपल्याचाच, बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या जाड कवचातून घडवलेला. तुकड्यातल्या पेशी वाढत जाऊन मण्याभोवती पिशवी तयार होते आणि ती पिशवी दीड-दोन वर्षं मण्यावर थर चढवते. वाढवणारा शिंपला म्हणजे रायवळाचा खुंट आणि तुकडा म्हणजे हापूसची काडी. खुंट अन्न पुरवतो. मोत्याचा रंग बहुतांशी तुकडा ठरवतो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हे थर अ‍ॅरागोनाइटच्या पातळ चकत्यांचे असतात. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक. चकत्यांमध्ये प्रथिनांचा पातळ गिलावा, जणू विटांची भिंत. एक चकती साधारण अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरात दोनेक हजार थर. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो. चकती ०.३५ मायक्रॉनची आणि अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचं माप) १.६ धरला, तर लागोपाठच्या दोन थरांवरून परतलेल्या लहरींच्या वाटेत २ × १.६ × ०.३५ = १.१२ मायक्रॉनचा फरक पडतो. ही ०.५६ मायक्रॉन तरंगलांबीची बरोबर दुप्पट, म्हणून हिरव्या लहरी एकमेकींना बळ देतात. मोती तिरपा केला की हा फरक घटतो आणि झळाळी निळ्याकडे सरकते.

थर पांढऱ्या मोत्यातही असतात, मग मोरपंखी रंग काळ्यातच एवढा का खुलतो? पहिल्या पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेलं पेट्रोल आठवा. पांढऱ्या फरशीवर ते रंग जेमतेम दिसतात; काळं डांबर इतर प्रकाश गिळतं, म्हणून रस्त्यावर ते उठून दिसतात. मोत्यातलं काळपट रंगद्रव्य डांबराचं काम करतं.

स्वाती नक्षत्राच्या थेंबाची कल्पना कविता म्हणून मला प्रिय आहे. पण चंद्र बलवान व्हावा म्हणून करंगळीत मोती घालायला सांगून हजारो रुपये घेणाऱ्यांचा मला राग येतो. अंड्याच्या कवचातही कॅल्शियम कार्बोनेटच असतं.

घेताना मोती खिडकीशी न्या आणि हळूहळू फिरवा. रंगवलेला बहुधा सगळीकडून सारखाच काळा दिसतो. ताहितीत राखाडी, हिरवा, वांगी असे रंग एकाच मोत्यावर सरकतात आणि आकार बहुधा ८ मिमीच्या वरच असतो. ठाक गोल, जुळलेला सर फार महाग. स्वस्तात मिळाला तर संशय घ्या. काही वेळा गामा किरणांनी आतला मणी काळवंडवतात, कारण त्या मण्यातलं मँगनीज किरणांनी गडद होतं. हे भिंगाने ओळखणं कठीण, म्हणून मोठ्या खरेदीला रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा आणि बिलावर 'संवर्धित' आणि 'नैसर्गिक रंग' हे दोन्ही लिहून घ्या.

भाचीने शेवटी दुसऱ्या दुकानातून एकच मोती घेतला. १० मिमीचा, थोडा लांबट, मधे वळ्यासारखी खाच, त्यामुळे परवडणारा. अत्तर आधी लाव, मोती शेवटी घाल, असं मी तिला बजावलंय, आणि लिंबू पिळायच्या आधी तो काढून ठेवायचा.