उलटलेली गृहसुरक्षा (अल्पखर्ची चित्रपटांतील)

घराच्या रक्षणासाठी बसवलेले लॅच, शटर किंवा कॅमेरा घरातल्याच माणसावर उलटतो, असे हे कथासूत्र आहे. कुंपणानेच शेत खावे असा हा प्रकार कमी पैशांत काढलेल्या भीतिपटांत व थरारपटांत वारंवार आढळतो, कारण दार एकदा बंद झाले की एक घर आणि दोन-तीन नट एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो.

ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) अमेरिकेतील सॅन दिएगो येथील स्वतःच्या घरात सुमारे १५,००० डॉलरांत चित्रित केला. २००९ साली सर्वत्र प्रदर्शित झाल्यावर त्याने जगभरात १९ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. रात्री काय घडते हे कळावे म्हणून तरुण आपल्या शयनगृहात कॅमेरा लावतो. कॅमेरा हलत नाही, दृश्य तुटत नाही, त्यामुळे प्रेक्षक उघड्या दारापासून पलंगाच्या कडेपर्यंत सगळी चौकट स्वतःच धुंडाळू लागतो. पुढच्या भागात (२०१०) चोरी झाल्याच्या समजुतीने कुटुंब घरभर कॅमेरे बसवते. ते सर्व टिपतात, परंतु थांबवत काहीच नाहीत.

भारतात या सूत्राने अधिक ओळखीचे रूप घेतले. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘ट्रॅप्ड’मध्ये (भारतात प्रदर्शन २०१७) मुंबईतल्या रिकाम्या उंच इमारतीत राहायला आलेल्या तरुणाची चावी दाराच्या बाहेरच्या बाजूस राहते आणि दार लागते, पुढे वीज नाही, पाणी नाही, हाक ऐकणारे कोणी नाही. आपोआप लागणाऱ्या लॅचचा भरवसा खरे तर शेजारी ठेवलेल्या जादा चावीवर असतो, हे फ्लॅटमध्ये राहणारा प्रत्येक जण जाणतो. या चित्रपटाने नेमका तो शेजारीच काढून घेतला आहे, आणि त्याची भीती भुताखेतांच्या भीतीपेक्षा खोल जाते ती यामुळेच.

जॉय मॅथ्यू यांच्या ‘शटर’ (२०१२) या मल्याळम चित्रपटात, ज्याचे मराठी रूपांतर २०१५ साली आले, अडचण वेगळी आहे. घरालगतच्या स्वतःच्याच दुकानात एक गृहस्थ वेश्येसह अडकतो; शटरला कुलूप बाहेरून लागलेले असते. बायकामुले हाकेच्या अंतरावर असूनही अब्रूच्या भीतीने त्याला ओरडता येत नाही.