तोडलेला भोपळा अजून गोड व्हायचाय

न्यूयॉर्कमधल्या पहिल्या वर्षी मी दसऱ्याला भोपळ्याचे घारगे करायला घेतले आणि पीठ काही केल्या घट्ट होईना. ऑक्टोबर महिना, जिकडेतिकडे केशरी भोपळ्यांचे ढीग, त्यातला एक छान गोल गरगरीत उचलून आणला, किसला, गुळात शिजायला ठेवला तर कढईत नुसतं पाणी आणि कीस दोऱ्यासारखा, मग मी कणीक घालतेय, अजून घालतेय, शेवटी जे तळून निघालं त्याला कणकेची चव होती, भोपळ्याची नव्हतीच. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, कोवळा असेल तो, जून बघून घ्यायचा." तिचं अर्धं बरोबर होतं. जून बघूनच घ्यायचा, पण माझा भोपळा कोवळा नव्हता, त्याची जातच वेगळी होती.

हॅलोविनला चेहरे कोरायला जो भोपळा विकतात तो कुकुर्बिटा पेपो या जातीचा. तो आकारासाठी आणि रंगासाठी वाढवलेला असतो, आत पोकळी मोठी, गर पातळ आणि पाणीदार. आपल्याकडे मंडईत जो लाल भोपळा म्हणजे डांगर फोडी करून विकतात तो बहुतेक कुकुर्बिटा मोस्काटा. आणि अमेरिकेत याच मोस्काटाचा सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे बटरनट स्क्वॉश, तो दुधीसारखा लांबट, खाली फुगलेला, फिकट बदामी रंगाचा. दिसायला डांगराशी काही संबंध नाही, पण कापला की तोच केशरी गर, तोच वास. भोपळा मुळात अमेरिका खंडातलाच, युरोपियन लोकांबरोबर भारतात आला आणि आपल्या घारग्यांत, भरतात इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे आता सांगूनही खरं वाटत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये बटरनटचे घारगे करणं ही तडजोड वगैरे अजिबात नाही, ही तीच भाजी आहे.

हे मला कळलं ते न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर चौकातल्या ग्रीनमार्केटमध्ये. १९७६ साली बॅरी बेनेपी आणि बॉब लुईस या दोघांनी ग्रीनमार्केट सुरू केलं, आजूबाजूचे शेतकरी थेट शहरात येऊन आपला माल विकतील ही कल्पना, आणि नियम असा की जो पिकवतो त्यानेच विकायचं. युनियन स्क्वेअरला हे सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असं भरतं. याचा मोठा फायदा म्हणजे समोर उभा असलेला माणूस भाजी कधी काढली, कुठे ठेवली ते सांगू शकतो. आणि शरद ऋतूतल्या भाज्यांच्या बाबतीत 'कधी काढली आणि कुठे ठेवली' यावर निम्मा स्वयंपाक अवलंबून असतो, मला आज एवढंच सांगायचंय.

कारण तोडलेली भाजी मेलेली नसते हो. भोपळा वेलावरून कापला तरी त्याच्या पेशी श्वास घेत असतात, ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि आतले एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, कामाला लागलेले असतात. बटरनट सप्टेंबरमध्ये काढतात तेव्हा त्यात स्टार्च म्हणजे पिष्ट भरपूर असतं आणि साखर बेताची. मग शेतकरी तो दहाएक दिवस साधारण २७ अंश सेल्सिअसच्या आसपास उबेत ठेवतात, त्याने साल कडक होते, खरचटलेल्या जागा भरून येतात, आणि स्टार्चचे तुकडे पडून साखर व्हायला सुरुवात होते. पुढे १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागेत ठेवला तर महिना-दोन महिने तो गोडच होत जातो, आणि केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड्ससुद्धा वाढतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, १० अंशांच्या खाली त्याच्या पेशींना थंडी बाधते आणि तो आतून खराब व्हायला लागतो. म्हणजे एकाच शेतातला एकाच दिवशी तोडलेला भोपळा सप्टेंबरच्या शेवटी बेचव लागू शकतो आणि दिवाळीला मस्त. अपवाद एकॉर्न स्क्वॉशचा, तो हिरवा, कंगोरे असलेला छोटा भोपळा पेपोच्या कुळातला आहे, तो ठेवून काही फायदा नाही, आणला की करा.

याच बटरनटचं एक धाकटं भावंड आहे, हनीनट. २००९ मध्ये डॅन बार्बर या शेफनी कॉर्नेल विद्यापीठात भाज्यांचे नवे वाण तयार करणाऱ्या मायकेल मझुरेक यांना विचारलं की तुम्ही इतके भोपळे तयार करता तर लहान आणि चवदार असा बटरनट का नाही करत, आणि त्या बोलण्यातून पुढे हनीनट बाजारात आला. हातात मावेल एवढा, पाणी कमी, चव दाट. त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तो वेलावर हिरव्याचा केशरी होतो, त्यामुळे पिकला की नाही ते नुसतं बघून कळतं. सालीवर हिरवट झाक राहिली असेल तर मी तो बाजूला ठेवते.

बटरनट सोलताना एक गोष्ट होते ती आधीच सांगते. साल काढल्यावर मिनिटभरात गरावर बारीक बारीक चिकट थेंब येतात, घाम फुटल्यासारखे, आणि तो चीक हाताला लागून वाळला की कातडी ताणल्यासारखी होते, पापुद्रा आल्यासारखा, साबणाने लगेच जात नाही. ही काही ॲलर्जी नाही बहुतेकांना, हा त्या फळाचा जखम बुजवायचा चीक आहे, जिवंत असल्याची खूणच म्हणा ना. फणस चिरताना लावतो तसं हाताला तेल लावून घ्या, काही होत नाही.

आता रताळं. इथे गोडी घरात, तुमच्या ओव्हनमध्ये तयार होते आणि ती किती होणार हे सगळं तुम्ही किती घाई करता यावर. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं, त्याचं काम स्टार्चची साखळी टोकाकडून तोडत माल्टोज नावाची साखर करायचं. पण कच्च्या रताळ्यातले स्टार्चचे कण घट्ट मिटलेले असतात, एन्झाइमला आत शिरता येत नाही. साधारण ६० अंशांच्या पुढे ते कण पाणी पिऊन फुगतात, उघडतात, आणि एन्झाइम त्यांच्यावर तुटून पडतं. ८० अंशांच्या आसपास मात्र एन्झाइम स्वतःच उष्णतेने निकामी होतं. म्हणजे मधली जी वीसएक अंशांची पट्टी आहे तिथे रताळं जितका जास्त वेळ रेंगाळेल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात मिनिटांत ते ही पट्टी पळत ओलांडतं, त्यामुळे शिजतं पण गोड होत नाही, पिठूळ लागतं. फुफाट्यात भाजलेली रताळी आठवतायत का? चूल विझत आली की राखेत पुरून ठेवायची आणि बाकीची कामं आवरून मग काढायची, सालीतून काळा चिकट पाक बाहेर आलेला असायचा, बोटाला चटका बसला तरी ते चाटल्याशिवाय राहवायचं नाही. तो पाक म्हणजे माल्टोज. जपानमध्ये गरम दगडांवर रताळी भाजून विकतात तिथेही हीच गोष्ट, मंद आणि लांब. मी ओव्हन थंड असतानाच अख्खी, सालीसकट रताळी आत ठेवते, १५० अंशांवर तासभर जाऊ देते आणि शेवटी वीस मिनिटं २०० वर, की साल सुटते आणि रंग येतो. उपासाला नुसती अशीच द्या, वरून तूप, बाकी काही नको.

नोव्हेंबर लागला की मार्केटमध्ये पाट्या दिसायला लागतात, दहिवर म्हणजे गोठलेलं दव पडल्यानंतरचं केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), दहिवर पडल्यानंतरची गाजरं, आणि लोक मुद्दाम तीच घेतात. हे नुसतं विक्रीचं बोलणं नाही. थंडी पडली की केल, गाजर, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंदमूळ), पालक अशा भाज्या पेशींमधली साखर वाढवतात, कारण साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा थोडं उशिरा गोठतं, आणि पेशीत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी फाटते. म्हणजे ही गोडी त्या झाडाने स्वतःला वाचवायला केलेली असते, आपल्याला ती आयती मिळते. बटाटाही गारठ्यात हेच करतो, फक्त तिथे आपलं नुकसान होतं. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, मग काचऱ्या किंवा चिप्स तळायला घेतल्या की पटकन काळपट होतात, कडू लागतात, आणि ही साखर बटाट्यातल्या ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाशी तापत्या तेलात जुळून ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत हे असतं ते २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. बटाटे बाहेर, अंधारात ठेवा, एवढंच.

आणि ब्रसेल्स स्प्राउट्स! बोटभर उंचीच्या कोबीच्या पिल्लांसारखी ही भाजी इथे हातभर दांडीला लगडलेली विकतात, आणि आपल्यातले खूप जण तिच्याकडे बघतही नाहीत कारण कुठेतरी उकडलेली खाल्लेली असते आणि तो वास डोक्यात बसलेला असतो. पण हिचं सगळं रसायनशास्त्र आपल्या मोहरीत आहे. मोहरी अख्खी चावली तर पहिल्या क्षणी काही विशेष लागत नाही, पण पाणी घालून फेसली की नाकातून झिणझिण्या येतात, आणि तीच मोहरी तापलेल्या तेलात तडतडली की तिखटपणा गायब, नुसता खमंग वास. कारण मोहरीच्या पेशींत सिनिग्रिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य एकीकडे आणि मायरोसिनेज हे एन्झाइम दुसरीकडे ठेवलेलं असतं, फेसताना पेशी फुटतात, दोन्ही भेटतात आणि झणका तयार होतो. तापलेल्या तेलात मात्र एन्झाइमच आधी मरतं, मग भेट होणारच कशी. ब्रसेल्स स्प्राउट्स मोहरीच्याच कुळातले, आणि त्यांच्यातही सिनिग्रिन आहे. १९९० च्या दशकात हान्स फान डोर्न या डच शास्त्रज्ञांनी शोधलं की त्यांचा कडूपणा मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन या दोन पदार्थांमुळे येतो, त्यावरून बियाणं कंपन्यांनी जुन्या साठवलेल्या वाणांतले कमी कडू शोधून त्यांचा संकर केला. म्हणजे आज बाजारात मिळणारे स्प्राउट्स खरंच तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या स्प्राउट्सपेक्षा गोडसर आहेत.

तरी वाईट शिजवले तर वाईटच लागतात. भरपूर पाण्यात जास्त वेळ उकळले की गंधकाचे पदार्थ सुटत जातात आणि घरभर वास. याउलट अर्धे चिरून, तेल-मीठ-हळद चोळून, चिरलेली बाजू ट्रेवर टेकवून २२० अंशांवर वीस मिनिटं, बस. ट्रेमध्ये गर्दी करू नका, गर्दी केली की वाफ कोंडते, आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, तर खरपूस रंग आणि वास यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी ओता आणि ओलं खोबरं. एका भाजीत मोहरीचं कूळ दोनदा येतं, मला हे फार आवडतं.

सफरचंदं आणली असतील तर गाजरांपासून लांब ठेवा, सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने गाजरं कडू होतात, मी एकाच पिशवीत आठवडाभर ठेवून हे अनुभवलंय.

भोपळ्याच्या भाजीबद्दल एक राहिलं. घरात सगळ्या जणी सांगायच्या, चिंच-आमसूल शेवटी घाल, आधी घातलं तर फोडी शिजत नाहीत. ते शंभर टक्के बरोबर आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, शिजणं म्हणजे ते पेक्टिन सुटणं, आणि आंबट पाण्यात पेक्टिन फार हळू सुटतं. म्हणून आधी फोडणीत मेथीदाणे, फोडी, झाकणावर पाणी ठेवून एक वाफ, सुरी सहज आत गेली की मगच आमसूल आणि गूळ. तेलात कंजूषी करू नका कारण भोपळ्यातलं बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं.

यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी चार बटरनट आणले, देठ दोन इंच तरी राखलेले, कुठे मऊ नाहीत, नखाने सालीवर ओरखडा उठत नाही असे. खिडकीपासून लांब, कपाटाच्या खालच्या फळीवर वर्तमानपत्रावर एकमेकांना न टेकवता ठेवलेत. एक लगेच कापून बघितला, फिका होता, त्याचं भरीत केलं दही-मोहरी फेसून. दुसरा कोजागरीच्या आसपास कापला तेव्हा कच्ची फोडसुद्धा गाजरासारखी गोड लागली. उरलेले दोन दिवाळीचे घारगे व्हायचेत, वाटीभर किसाला गूळ आईच्या मापाच्या पाऊण भागच घेणार आहे, आणि पाण्याचा थेंबही न घालता मावेल तेवढीच कणीक.