मोठी आच आणि मोठ्याचं मांस

पुण्यात, विशेषतः कॅम्पातल्या घरांत, चिनी पद्धतीचं बीफ परततात तेव्हा कढईत गाय किंवा बैल नसतो, म्हैस असते. खाटकाकडे कुणी ‘बीफ’ म्हणतही नाही. ‘मोठ्याचं अर्धा किलो द्या’ म्हणायचं, आणि पातळ कापांसाठी पाठीच्या कण्याखालचा मऊ, लांब तुकडा हवा असेल तर ‘अंडरकट आहे का’ असं विचारायचं. सोया सॉस, लसूण, ढोबळी मिरची आणि या मांसाच्या कापांची ही भाजी दहा मिनिटांत होते. ती आपल्या गॅसपर्यंत पोचायला मात्र फार मोठा काळ लागला आहे.

आधी मांसाबद्दल. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६चा. त्याने गायीची कत्तल बंद केली; बैल मात्र कामाला निरुपयोगी ठरल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर कापता येत असे. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल आणि वळूही बंदीत आणले. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून ती लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. २०१६च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं गोमांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीचं मांस या बंदीच्या बाहेर राहिलं. म्हणून आजच्या पुणेरी पाककृतीत ‘बीफ’ लिहिलेलं असलं तरी वाचायचं म्हशीचंच.

कॅम्पात हे मांस का मिळतं, याचं उत्तर लष्करात आहे. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली, तोच आजचा कॅम्प. गोऱ्या शिपायाच्या रोजच्या शिध्यात गोमांस होतं, त्यामुळे छावणीबरोबर खाटीक आले, भटारखाने आले, पाववाले आले. १८८०च्या दशकात तिथे दगडी कनॉट मार्केट उभं राहिलं, तेच आजचं शिवाजी मार्केट. त्याच दशकात पेठांच्या बाजूला रे मार्केट बांधलं गेलं, म्हणजे आपली मंडई. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं म्हणून जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत त्या खर्चाला विरोध केला होता. आज मंडईला त्यांचंच नाव आहे. या भाजीसाठी मांस एका बाजारातून आणि कोबी, गाजर, पातीचा कांदा दुसऱ्या बाजारातून आणताना मला हे दर वेळी आठवतं.

पण हे मांस फक्त साहेबाबरोबर आलं असं म्हणणं खोटं ठरेल. महार-मांगांच्या वाड्यांत ते त्याआधी शतकानुशतकं शिजत होतं. गावचं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांच्या वाट्याला ते मांस आलं. एका वेळी संपत नसे, म्हणून लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडून देण्याचं आवाहन केलं, ते या लादलेपणाविरुद्ध होतं. या मांसाचा इतिहास सांगताना चान्या वगळून थेट हॉटेलच्या प्लेटवर जाणं मला पटत नाही.

आता चीन. तिथेही गोमांस हे रोजचं मांस कधी नव्हतं. रोजचं मांस डुकराचं. बैल आणि दक्षिणेतल्या भातखाचरांतला रेडा नांगराला जुंपायचे. तांग आणि सोंग राजवटींच्या कायद्यात कामाचं जनावर मारणं हा गुन्हा होता, आणि पुढच्या शतकांत ‘ज्याने आपल्यासाठी नांगर ओढला त्याला खाऊ नये’ ही भावना तिथल्या लोकधर्मात खोल रुजली. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही भावना समजावून सांगावी लागणार नाही.

परतण्याची रीत त्या मानाने जुनी. सहाव्या शतकातल्या जिया सिश्ये यांच्या शेतीविषयक ग्रंथात तिळाच्या तेलावर परतलेल्या अंड्यांची कृती आहे. पातळ लोखंडी कढई आणि मोठ्या आचेवर झटपट परतणं यांचा खरा पसारा मात्र सोंग काळापासून, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकापासून वाढला. सरपण महाग असेल तिथे सगळं बारीक चिरून ठेवायचं आणि जाळ मोठा पण थोडाच वेळ लावायचा, हे कारण बहुतेक अभ्यासक देतात. आपलं ‘परतणं’ याच कुळातलं वाटतं, पण एक मोठा फरक आहे. आपण परतून झाकण ठेवतो आणि वाफ आणतो. तिथे वाफ हीच शत्रू.

मग गोमांस आणि भाज्या ही जोडी घट्ट कुठे झाली? बऱ्याच अंशी अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातले लोक सोन्याच्या खाणींवर आणि रेल्वेच्या कामावर तिकडे गेले. तिथे गोमांस मुबलक होतं. चिनी पालेभाजी मिळेना, तेव्हा इटालियन स्थलांतरितांनी रुजवलेली ब्रोकोली कढईत आली. आज बीफ-ब्रोकोली अस्सल चिनी म्हणून खाल्ली जाते, ती मुळात परदेशात राहणाऱ्यांनी केलेली तडजोड आहे.

आपल्याकडे चिनी स्वयंपाक आला तो अमेरिकेमार्गे नव्हे, कोलकात्यातून. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अछ्यू नावाच्या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण आजही अछिपूर म्हणून ओळखलं जातं. पुढे आलेल्या हक्का या चिनी समाजातल्या लोकांनी कोलकात्याच्या टांग्रा भागातल्या दलदलीत कातडी कमावण्याचा धंदा उभा केला. सवर्ण हिंदू त्या कामाला शिवत नव्हते, म्हणून तो धंदा त्यांच्यासाठी मोकळा होता. आपल्या ढोर-चांभारांच्या नशिबी जे काम जन्माने आलं, तेच काम या परदेशी लोकांनी पोट भरायला उचललं. १९६२च्या युद्धात हजारो भारतीय चिनी माणसांना राजस्थानातल्या देवळी इथे बंदिस्त केलं गेलं. यातली अनेक माणसं इथेच जन्मलेली होती आणि तो अन्याय होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. राहिलेल्यांपैकी कित्येकांनी हॉटेलं काढली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांग्रातले चर्मोद्योग हलवायला सांगितले आणि तिथल्या अनेक कारखान्यांच्या जागी खानावळी उभ्या राहिल्या. आपण ‘हक्का नूडल्स’ म्हणतो त्यातला हक्का हा या चामडं कमावणाऱ्यांचा समाज.

कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईत चिकन मंचुरियन केलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. पुढे पुण्यातल्या कोपऱ्याकोपऱ्यावर चायनीजच्या लाल गाड्या लागल्या, त्या याच चवीच्या. घरातली बीफची भाजीही याच चवीवर गेली: मिरची जास्त, व्हिनेगर सढळ, वर पातीचा कांदा.

शेजवान हा शब्द आपण सिचुआन प्रांतावरून घेतला, पण तिथली जीभ बधिर करणारी मिरी आपल्या शेजवान चटणीच्या बाटलीत आलीच नाही. ती मिरी आपल्याला परकी नाही. कोकणात बांगड्याच्या आमटीत जे त्रिफळ ठेचून टाकतात, ते तिच्याच वनस्पतिकुळातलं, एकाच प्रजातीगटातलं. मी भाजी उतरवताना दोन-तीन त्रिफळं, आतली काळी बी काढून, भाजून कुटून घालते. बाटलीतल्या शेजवानपेक्षा ही चव सिचुआनच्या जवळ जाते, यावर मी ठाम आहे.

म्हशीचं मांस गडद, कमी चरबीचं आणि चिवट तंतूंचं असतं. म्हणून तंतूंच्या आडवे, जाड रुपयाएवढ्या जाडीचे काप करायचे. अर्धा तास थोडं फ्रीझरमध्ये ठेवलं तर सुरी नीट चालते. कापांना सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लॉवर आणि थोडं तेल चोळून वीस मिनिटं ठेवायचं; पिठाच्या पातळ थरामुळे रस आत राहतो.

आणि आच. हॉटेलातल्या भट्टीची बरोबरी घरच्या गॅसला जमत नाही, म्हणून कढईत एकदम सगळं ओतलं की मांसाला पाणी सुटतं आणि ते उकडतं. बोहरी आळीतून आणलेली जड लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, पाव किलोच्या वर मांस एका वेळी घालायचं नाही, आणि मिनिटभर हलवायचं नाही. एक बाजू तांबूस झाली की उलटून लगेच ताटात काढायचं. मग त्याच कढईत गाजर, नंतर ढोबळी मिरची, सगळ्यात शेवटी कोबी. मांस परत आत, कडेने सोया सॉस, दोन वेळा खालीवर, आणि गॅस बंद. झाकण ठेवायचं नाही.